काळ्या कोनाचं सूत: चुंबकाने उघडणाऱ्या एका रबरी झडपेचं प्रकरण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चौथ्या वर्षाची चार मुलं माझ्या टेबलावर एक करडी पट्टी ठेवून उभी राहिली. साठ मिलिमीटर लांब, वीस रुंद, दोन जाड. वरून ती नीट घट्ट झालेली होती, पण अंगठ्याने दाबली की आतून काकवीसारखं काहीतरी सरकत होतं. टोकाला काळ्या सुताचे पदर बाहेर आलेले होते. मी एक पदर धरून ओढला, तर तो सहज निघून आला. त्यावर बुळबुळीत थर होता आणि मागे पट्टीत पोकळ नळी राहिली.

"सर, तीन वेळा केलं. तिन्ही वेळा हेच."

ही मुलं सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली. मी त्यांचा मार्गदर्शक, म्हणजे गुणपत्रिकेवर सही करणारा. प्रकल्प त्यांनीच शोधलेला होता आणि त्याचं कारण एका डाईंगवाल्याची डोकेदुखी होती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवणारा एक छोटा कारखाना आहे. रिॲक्टिव्ह रंगाने सुती धागा रंगवताना आधी मीठ लागतं. त्याने रंग पाण्यातून सुताकडे ढकलला जातो. मग सोडा लागतो, त्याने रंग सुताला कायमचा चिकटतो. ही मीठ-सोड्याची पाणी टप्प्याटप्प्याने सोडावी लागतात. एकदम ओतली की रंग डागाडागाने बसतो. मालकाकडे त्यासाठी छोट्या टाकीखाली पितळी कॉक होता. त्याच्या दांडीभोवती मीठ साचायचं, कॉक अडकायचा, जोर लावून फिरवला की ग्लँडमधून, म्हणजे दांडीभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, गळायचा. मालकाचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "दांडीच नको. दांडी नसेल तर गळणार कुठून?"

मुलांनी त्यावर काढलेला तोडगा असा. ॲक्रिलिकची चौकोनी नळी घ्यायची. आत एक आडवा पडदा, पडद्याला पंधरा मिलिमीटरचं भोक. भोकावर लोहचूर्ण भरलेल्या सिलिकॉन रबराची जीभ, एका टोकाला चिकटवलेली. नळीच्या बाहेरून चुंबक जवळ आणला की जीभ उचलली जाते, चुंबक दूर नेला की ती पडते आणि वरचं पाणीच तिला भोकावर दाबून ठेवतं. भिंतीतून काहीच आरपार जात नाही. कल्पना चांगली होती आणि आजही मला चांगली वाटते.

चुंबकाला प्रतिसाद देणारे मऊ पदार्थ ही तशी नवी गोष्ट नाही. लोहकण घातलेलं तेल चुंबकात घट्ट होतं हे अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी १९४८ मध्ये दाखवलं. तेलाच्या जागी रबर घेतलं की कण जागचे हलत नाहीत, पण रबर चुंबकात ताठ होतं, वाकतं, ओढलं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या गटाने निओडिमियमचे कण असलेल्या सिलिकॉनची छपाई केली. छापतानाच प्रत्येक भागाला वेगळी चुंबकी दिशा दिली. तसली पट्टी क्षेत्र येताच घडी घालते, सरपटते, उडी मारते. मुलांनी ते व्हिडिओ पाहिले होते आणि त्यांना तेच करायचं होतं. पण निओडिमियमच्या कणांना कायमचं चुंबकत्व द्यायला काही टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) झटका देणारं यंत्र लागतं. ते आमच्याकडे नाही. म्हणून साधं लोखंड. ते चुंबक असेपर्यंतच चुंबक असतं आणि फक्त ओढलं जातं, ढकललं जात नाही. झडपेला तेवढं पुरे.

काळ्या सुताकडे येण्याआधी त्या पोरांच्या दोन चुका सांगतो, कारण त्या प्रत्येक बॅचची मुलं करतात.

पहिली चूक टक्क्यांची. कुठल्याशा शोधनिबंधात वीस टक्के लोखंड असं वाचलं आणि शंभर ग्रॅम मिश्रणात वीस ग्रॅम लोखंड टाकलं. पट्टी चुंबकासमोर धरली तर नुसती थरथरली. निबंधातले वीस टक्के आकारमानाचे होते. लोखंड सिलिकॉनच्या सातपटींहून जड. वीस ग्रॅम लोखंड म्हणजे जेमतेम अडीच मिलिलिटर, ऐंशी ग्रॅम सिलिकॉन म्हणजे पंचाहत्तर मिलिलिटर. आकारमानाने सव्वातीन टक्के! खरे वीस टक्के हवे असतील तर शंभर मिलिलिटर मिश्रणात १५७ ग्रॅम लोखंड आणि सुमारे ८६ ग्रॅम सिलिकॉन घ्यावं लागतं. वजनाने ते पासष्ट टक्क्यांच्या घरात जातं. हे मिश्रण ढवळताना हात दुखतो. मोहरीसारखं काळंकुट्ट, जड, आणि डब्याच्या कडेने वर चढणारं.

दुसरी चूक कणांची. लोहचूर्ण म्हणून त्यांनी वर्कशॉपमधल्या लेथखालचा बिडाचा कीस चाळून घेतला होता. फुकट मिळतो हे कारण. साच्यात ओतलं आणि तासाभरात सगळा कीस तळाला. वर स्वच्छ सिलिकॉन, खाली वाळूसारखा थर. बाजारात मिळणारी कार्बोनिल लोखंडाची पूड पाच मायक्रॉनच्या आसपास असते. चाळलेला कीस शंभर मायक्रॉनचा धरला तर व्यास वीसपट, आणि बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चारशेपट. मधासारख्या दाट सिलिकॉनमध्ये पाच मायक्रॉनचा कण तासाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा खाली जातो. तोच हिशोब शंभर मायक्रॉनला लावला तर तासाला चार सेंटीमीटर. आमचा साचा दोन मिलिमीटर खोल. गणित करायला दोन मिनिटं लागली असती, त्यांनी दोन आठवडे घालवले. मीही आधी विचारलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पूड मागवली, प्रमाण सुधारलं, जीभ ओढली जाऊ लागली. मग प्रश्न आला सुताचा.

सूत का घालायचं? नुसत्या सिलिकॉनची जीभ भोकावर ठेवून वर दहा सेंटीमीटर पाणी भरलं की दाब येतो १ किलोपास्कल. पंधरा मिलिमीटरच्या भोकावर तो अठरा ग्रॅम वजनाएवढा. फार नाही. पण हे सिलिकॉन इतकं मऊ असतं की जीभ भोकात खोल ओघळली आणि बुचासारखी रुतून बसली. चुंबक आणला तर जिभेचं मोकळं टोक चुंबकाकडे ताणलं जायचं, च्युइंगगमसारखं लांबायचं, आणि रुतलेला भाग तिथेच. चुंबकाची सगळी ताकद ताणण्यात गेली, उचलायला काही उरलंच नाही.

इथे धागा लागतो. सुती तंतूचा ताठपणा या सिलिकॉनच्या तुलनेत दहा हजार पटींच्याही पुढे जातो. मूठभर पदर पट्टीत पसरले की त्या दिशेने पट्टी ताणलीच जात नाही, पण वाकते. ताण बंद, वाकणं चालू: मऊ पदार्थात तंतू घालायचा सगळा उद्देश एवढाच. मग चुंबकाने दिलेला जोर दुसरीकडे जाऊ शकत नाही. चुंबक फक्त ओढतो. त्या ओढीचं काय होणार, वाक की पीळ की ताण, हे धागा ठरवतो. या प्रकरणात पुढे जे जे घडलं ते या एका गोष्टीभोवतीच घडलं, फक्त पहिला धक्का यांत्रिक नव्हता, रासायनिक होता.

डाईंगवाल्या मालकाने मुलांना सुताचे उरलेले कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेलं सूत, दिले होते. त्यात सगळ्यात जास्त काळे होते, कारण काळं कुणी मागत नव्हतं. मुलांनी काळेच आणले. आणि तिन्ही पट्ट्या आतून ओल्या राहिल्या.

मुलांचा पहिला संशय दोन भागांच्या मापावर. सिलिकॉनचा अ आणि ब भाग समसमान मिसळायचा असतो. तराजू बदलून पाहिला, तेच. दुसरा संशय उन्हाळ्यावर, तो उलटा होता. डब्यावर लिहिलेली ४५ मिनिटांची मुदत २३ अंशांची असते आणि आमच्या खोलीत दुपारी ३६ अंश होते. त्या तापमानाला मिश्रण लवकर घट्ट होतं, मुळीच न होणं शक्य नाही. तिसरा संशय हातमोज्यांवर. हा मला पटला. रबरी लॅटेक्सच्या मोज्यात गंधक असतं आणि प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला गंधक चालत नाही. पण मोज्याने वरचा पापुद्रा चिकट राहिला असता. इथे वरून सगळं कोरडं आणि चिकटपणा नेमका धाग्याभोवती.

मी त्यांना सहा चहाचे कागदी कप आणायला सांगितलं. एकात नुसतं सिलिकॉन. दुसऱ्यात सिलिकॉन आणि लोखंड. तिसऱ्यात सिलिकॉन आणि काळं सूत, लोखंड नाही. चौथ्यात पांढरं सूत, पाचव्यात लाल, सहाव्यात मागावरच्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, बीमवरून कापून आणलेलं खळ लावलेलं सूत. मोजे न घालता, काडीने ढवळून. रात्रभर ठेवले. सकाळी कप फाडले.

काळ्याचा कप चिकट. बाकी सगळे घट्ट. म्हणजे लोखंड निर्दोष, माप निर्दोष, ऊन निर्दोष. पांढऱ्यात धाग्याच्या कडेने बारीक बुडबुडे होते. खळीच्या सुताची गंमत वेगळी होती: सिलिकॉन घट्ट, पण धागा पायमोजा काढावा तसा सरळ बाहेर आला. स्टार्चच्या थराला सिलिकॉन धरतच नाही.

गटातल्या एका मुलीचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे. घरी तेलुगू बोलतात. आजोबांनी आधी हातमाग, मग यंत्रमाग, पन्नास वर्षं चादरी विणल्या. ती संध्याकाळी काळा कोन घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने जसं सांगितलं तसंच लिहितो.

आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, कोन हातात घेतला, नाकाजवळ नेला. अंगठा जिभेवर ओला करून सुतावर घासला आणि अंगठ्याकडे पाहिलं. मग एक पदर दोन्ही हातांत धरून झटका दिला. तुटला.

"किती दिवस पडून होतं हे?"

"माहीत नाही, ताता. गोदामात होतं."

"गंधकाचं काळं हाय. पावसाळाभर ठिवलं तर आपोआप कुजतंय. चादरीच्या काठाला लावलं तर वर्षात काठ निघून येतोय बग." आणि मग: "रबरात कशाला घालताव हे? पांढरं घ्या की."

सुताला स्वस्तात काळं करायला गंधकी काळा रंग फार वापरतात. तो पाण्यात विरघळत नाही. सोडियम सल्फाइडने विरघळवून सुतात उतरवतात आणि मग हवेने किंवा रसायनाने पुन्हा घट्ट करतात. त्यातलं गंधक पूर्ण शांत होत नाही. दमट हवेत साठवणीत हळूहळू त्याचं आम्ल बनतं आणि कापसाचा तंतू कमकुवत होतो. तात्यांच्या झटक्यात पदर तुटला तो याच कारणाने. विणकराला ते हातातून कळतं, त्याला आम्लाचं नाव माहीत असायची गरज नाही.

आमच्या रसायनशास्त्राच्या सहकारी बाईंनी त्याच दिवशी दुपारी चाचणी करून दिली. कोनातलं चिमूटभर सूत परीक्षानळीत, वर स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, तोंडावर लेड ॲसिटेटने ओला केलेला कागद, जो गंधकाच्या वायूने काळा पडतो. नळी तापवली. आधी सडक्या अंड्याचा वास आला, मग कागद तपकिरी झाला, मग काळा. लाल सुताच्या नळीवरचा कागद पांढराच राहिला. मुलांनी पाच वेळा फोटो काढले.

आता एवढ्याशा गंधकाने एवढं कसं बिघडतं? सिलिकॉनच्या एका भागात प्लॅटिनम असतं, दशलक्षात काही भाग एवढं. ते स्वतः खर्च होत नाही, दोन प्रकारच्या साखळ्यांची गाठ मारून देतं आणि पुढच्या गाठीकडे जातं. विरजणासारखं समजा: चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं, पण विरजणच मेलं तर दूध रात्रभर दूधच राहणार. गंधक प्लॅटिनमला घट्ट पकडतं आणि सोडत नाही. प्लॅटिनमच मुळी इतकं थोडं, की धाग्यावरचं नुसतं स्पर्शापुरतं गंधकही त्याच्या आसपासचा थर कच्चा ठेवायला पुरतं. म्हणून चिकटपणा धाग्याभोवती नळीसारखा होता आणि दोन धाग्यांमधलं सिलिकॉन ठणठणीत. मुलांनी त्या पहिल्या पट्टीचा आडवा काप घेऊन भिंगातून पाहिला. प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती चकाकणारं कडं. एवढं स्वच्छ चित्र मी पाठ्यपुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही.

टिन वापरून घट्ट होणारं सिलिकॉन घेतलं असतं तर गंधकाची अडचण आली नसती. तो पर्याय मुलांनी सुचवला आणि मी नाकारला. ते सिलिकॉन घट्ट होताना आक्रसतं, आणि दोन मिलिमीटरच्या जिभेत एका बाजूला सूत असताना आक्रसणं म्हणजे जीभ आपोआप वाकडी. शिवाय तात्यांचं बरोबर होतं. पांढरं घ्या की.

पांढऱ्याचे बुडबुडे राहिले होते. कापूस हवेतला ओलावा धरतो, नेहमीच्या हवेत वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत. प्लॅटिनमच्या संगतीत सिलिकॉनमधले हायड्रोजनवाले गट त्या पाण्याशी भांडतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. उपाय सोपा: सूत सोडा घालून उकळायचं, म्हणजे मेणचट थर जातो. मग भरपूर पाण्यात धुवायचं, ओव्हनमध्ये १०५ अंशांना दोन तास ठेवायचं आणि गरम असतानाच साच्यात लावायचं. त्यांनी पहिल्यांदा दुपारी वाळवलेलं सूत संध्याकाळी वापरलं. पुन्हा बुडबुडे. त्यानंतर मात्र ओव्हनजवळच साचा ठेवला.

मार्चच्या मध्यावर पहिली खरी पट्टी निघाली. कोरडी, लवचिक, धागा ओढला तर न निघणारी. झडपेत बसवली, पाणी भरलं, चुंबक आणला. जीभ उचललीच जात नव्हती. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

मी पट्टी हातात घेऊन वाकवून पाहिली. एका बाजूला ती सहज वाकत होती, दुसऱ्या बाजूला चिवट. इतका फरक की डोळे मिटूनही कळावा. साच्यात सूत पसरताना ते अर्थातच तळाला पसरलं जातं, म्हणून सगळे पदर पट्टीच्या एकाच पृष्ठालगत होते. दोरीने ओढता येतं, ढकलता येत नाही. धाग्याची बाजू आत घेऊन पट्टी वाकवली तर धागे दाबले जातात, सिलिकॉनच्या मऊपणात बारीक नागमोडी होतात आणि विरोध करत नाहीत. धाग्याची बाजू बाहेर ठेवून वाकवली तर धागे ताणले जायला हवेत, ते ताणले जात नाहीत, मग वाकण्याचा अक्ष, म्हणजे जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो ती रेषा, मध्यातून सरकून धाग्याच्या थरावर येतो आणि सगळं सिलिकॉन दाबावं लागतं. आयताकृती पट्टीसाठी हिशोब केला तर अक्ष मध्यात असताना ताठपणात जाडीच्या घनाला बाराने भागतात, अक्ष पृष्ठावर असताना तीनने. चौपट फरक.

मुलांनी सुताची बाजू खाली, भोकाकडे लावली होती. उचलताना नेमकी तीच बाजू बाहेर येत होती. पट्टी सोलून उलटी चिकटवली. चुंबक आणला आणि जीभ टपकन् वर. शिवाय आता भोकावर धाग्यांच्या रेघा नसलेली गुळगुळीत बाजू बसत होती. ही सुधारणा करायला एक पैसाही खर्च झाला नाही. साच्यात मधोमध सूत पसरलं असतं तर दोन्हीकडे सारखं वाकलं असतं, पण आम्हाला सारखं नकोच होतं: वर सहज, खाली हट्टी. हे आधी आखून केलं असतं तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते.

यानंतरचा दोष बारीक होता आणि मला तो सगळ्यात आवडला. जीभ मिटली की एका कोपऱ्यातून थेंब. नेहमी तोच कोपरा. जीभ उचलताना बाजूने पाहिलं की ती सरळ वर न येता किंचित वळत येत होती, पान उलटताना वळतं तशी.

सूत हाताने पसरलं होतं आणि ते लांबीला समांतर नव्हतं, दहा-बारा अंश तिरकं होतं. तिरका थर एकाच पृष्ठावर असला की वाकणं आणि पिळणं एकमेकांना बांधले जातात. वाकवायला जा, पट्टी पीळही घेते. ज्यांना पिळणारी जीभ हवी ते मुद्दाम पंचेचाळीस अंश ठेवतात. आम्हाला शून्य हवा होता आणि हाताने शून्य येत नव्हता. ताणही सारखा नव्हता. साच्यातून काढल्यावर एक पट्टी पापडासारखी कुरळी झाली, कारण काही पदर जास्त ओढलेले होते आणि सुटल्यावर आखडले.

पुन्हा ती मुलगी घरी गेली. या वेळी तात्या स्वतः महाविद्यालयात आले, नातवाच्या स्कूटीवर मागे बसून. आमची प्रयोगशाळा त्यांनी फारशी पाहिली नाही. साचा पाहिला आणि म्हणाले, "हे पडुगु हाय. पेका नाही." पडुगु म्हणजे ताणा, पेका म्हणजे बाणा, आडवा धागा. ताणा हाताने पसरत नाहीत, बांधतात. त्यांनी लाकडी पट्टीच्या दोन तुकड्यांवर दोन-दोन मिलिमीटरवर खिळे ठोकायला लावले, चौकट केली, एकच अखंड धागा खिळ्यांवरून मागेपुढे फिरवला आणि शेवटचं टोक बांधलं नाही. त्याला एक नट लटकवला. धागा खिळ्यांवरून घसरत गेला आणि सगळे पदर आपोआप सारख्या ताणाचे झाले. मग नट काढून अर्ध्या वजनाचा लावला. "रबर हाय. जास्त ओढलं तर गोळा हुतंय." त्यांनी कुरळी पट्टी पाहिलेली नव्हती.

ती चौकट साच्यावर उलटी ठेवून सिलिकॉन ओतलं. कोपऱ्यातला थेंब थांबला.

एप्रिलमध्ये मालक बघायला आले. झडप चालवून दाखवली. चुंबक एका छोट्या गिअरच्या मोटरीवर, भिंतीकडे येतो, जीभ उघडते, मागे जातो, मिटते. मालकांनी चार वेळा उघडमीट पाहिली आणि विचारलं, "अर्धी उघडता येईल का? थोडं थोडं सोडायला?"

नाही येत. मुलं हे लपवायच्या बेतात होती, मी सांगितलं. चुंबकाची लोखंडावरची ओढ अंतराबरोबर भयंकर वेगाने बदलते. क्षेत्र दूरवर अंतराच्या घनाने कमी होतं, आणि लोखंडातलं चुंबकत्व त्या क्षेत्रानेच निर्माण झालेलं असल्यामुळे ओढ सातव्या घातापर्यंत जाते. अंतर दुप्पट केलं तर ओढ शंभरपटींहूनही जास्त घटते. जवळ एवढा उतार नसतो, पण असतो. उलट पट्टीचा परतायचा जोर वाकण्याच्या प्रमाणात, सरळ रेषेत वाढतो. त्यामुळे जीभ थोडी उचलली गेली की ओढ परतीच्या जोरापेक्षा वेगाने वाढते आणि ती थेट भिंतीला जाऊन चिकटते. मधली जागा तिला टिकतच नाही. तार नाही, दांडी नाही, पण अर्धवटही नाही.

मालक जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग सेकंदभर उघडा, दहा सेकंद मिटा. मोजून सोडता येईल की." इलेक्ट्रॉनिक्सवाले याला मोठं नाव देतात. मालकांनी ते नळावर हंडा भरताना शिकलेलं असणार.

कारखान्यात झडप अजून बसलेली नाही. मीठ-सोड्याच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलेल्या पट्टीच्या कापलेल्या कडांवर तांबूस रेघ दिसली. सिलिकॉन पाणी आत घेत नाही असं मुलांना वाटत होतं. वाफ घेतं. आणि कापलेल्या कडेला तर लोखंड उघडंच पडलेलं असतं. आता पट्टी कापायची नाही, साच्यातच पूर्ण मापाची ओतायची आणि वरून लोखंड नसलेल्या सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा, असं ठरलं आहे. दुसरी काळजी चुंबकाची. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे कायमचा क्षीण होऊ लागतो आणि रंगाच्या टाकीचं पाणी त्या घरात जाऊ शकतं. पण चुंबक नळीच्या बाहेर आहे, आणि मीठ-सोड्याची टाकी गार असते.

पुढच्या बॅचने हे काम घेतलं आहे. मालकांनी पुन्हा उरलेले कोन पाठवले: निळे, तपकिरी, थोडे काळे. तपकिरीतही गंधकी रंग असू शकतो, म्हणून मुलं आता प्रत्येक कोनाचा एक पदर कागदी कपात सिलिकॉनमध्ये घालून रात्रभर ठेवतात. काल कपाटात पाहिलं तर तीन कोनांच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने 'ग' लिहिलं होतं. एकावर 'ग?'.